आधी तुम्ही वाचा, मग लेकराला द्या

"माझी मुलगी सहावीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. वाचायची गोडी भरपूर, पण हातात घेईल ते जादूचं, भुताचं नाहीतर उडत्या तबकड्यांचं. थोरांची चरित्रं आणून दिली, ती तशीच पडून आहेत. तिच्या पप्पांचं मोंढ्यात हळदीचं दुकान आहे. ते म्हणतात, नवोदय थोडक्यात हुकलं, दहावीनंतर लातूरला टाकायचंय, आता हे खोटंनाटं वाचण्यात वेळ कशाला घालवायचा? सासूबाईंचं वेगळंच. 'भुताखेताचं वाचून लेकरू झोपंत दचकायलंय,' म्हणतात, आणि ते खरं आहे. मध्यंतरी तिनं कृष्णविवराबद्दल कुठंतरी वाचलं. तेव्हापासून ते पृथ्वीला गिळेल का, असं रात्री विचारत बसते. त्यात मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. पुस्तकांसाठी थोडे पैसे आलेत आणि यादी करायचं काम सरांनी माझ्यावर टाकलंय. मी स्वतः लग्नानंतर गोष्टीचं पुस्तक हातात धरलेलं नाही. मुलीचं वाचन थांबवू का? आणि यादीत काय लिहू?"
– एक आई, वसमत

ताई,

वाचन थांबवू नका. पण तुमच्या सासूबाईंचं म्हणणं आधी घेते, कारण त्या लेकराजवळ झोपतात आणि त्यांनी पाहिलेलं खरं आहे.

मूल झोपेत दचकत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर भुताचं पुस्तक बंद. दिवसाउजेडी वाचू द्या आणि वाचलेलं तुम्हाला सांगायला लावा. सांगता सांगता भीती निम्मी होते. आमच्या वाचनालयातल्या मुलांमध्ये मी दोन तऱ्हा बघते. एखादं मूल घाबरतं, पुस्तक मिटतं आणि थोड्या वेळानं तेच पान पुन्हा उघडून मैत्रिणीला ओढत आणतं. त्याची काळजी नको. दुसरं मूल ते पुस्तक ज्या खोलीत आहे तिथं जायलाच नको म्हणतं. अशा वेळी पुस्तक गुपचूप परत करून टाकायचं आणि "एवढं काय घाबरायचं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. जत्रेत आणि बस स्टँडवर मिळणाऱ्या पातळ भुताच्या पुस्तकांत पुष्कळदा नुसते मुडदे आणि रक्त असतं, गोष्ट नसतेच. ती घरात नकोत. ह्या बाबतीत मी पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूची.

कृष्णविवराचा प्रश्न मात्र "झोप आता" म्हणून मिटवू नका. तिला आकडे द्या. कृष्णविवर म्हणजे इतकं जोरदार ओढणारं, की त्याच्या हद्दीतून प्रकाशही बाहेर पडत नाही. कृष्णविवर लांबचं काही ओढून घेत नाही. समजा आत्ता सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तर अंधार होईल, सगळं गोठेल, पण पृथ्वी आजच्याच वाटेनं त्याच्याभोवती फिरत राहील. आत पडायचं तर फारच जवळ जावं लागतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची हद्द मध्यापासून जेमतेम ३ किलोमीटरवर संपते. आणि आजवर माहीत झालेलं सगळ्यात जवळचं कृष्णविवर आपल्यापासून दीड हजार प्रकाशवर्षांहून लांब आहे. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तिथून निघाला, तर त्यालाही इथं पोचायला दीड हजार वर्षांहून जास्त लागतात. सहावीतल्या मुलीला हे सगळं समजतं. तिच्या वहीत सूर्य आणि पृथ्वी काढून दाखवलंत तर आणखी लवकर समजेल.

त्याच बैठकीत तिला हेही सांगा, की कृष्णविवरांची चाहूल घेणारं यंत्र तुमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभं राहणार आहे. त्याचं नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या ह्या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, एकेक ४ किलोमीटर लांब, आणि आत लेसरचे किरण. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाल्याची लहर टिपली, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-दाबत जाणारी गुरुत्वलहर. ती घटना घडली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. लहर पृथ्वीवरून गेली तेव्हा त्या ४ किलोमीटरच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या, रुंदीहूनही शेकडो पटींनी कमी होता, आणि तोही मोजला गेला. जी मुलगी रात्री कृष्णविवराला भिते आहे, तिला आपल्या गावाजवळ त्याच्यावर कान लावून बसणारी माणसं येणार आहेत हे कळू द्या.

आता सासूबाईंना एक काम सांगा. औंढ्याच्या देवळाची गोष्ट त्यांना नक्की येत असणार. नामदेव महाराजांना कीर्तनासाठी देवळामागं जायला लावलं, ते मागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. ती गोष्ट त्यांनी नातीला रात्री सांगावी. विसोबा खेचरांचीही सांगावी, पिंडीवर पाय ठेवून निजलेल्यांची: पाय उचलून जिकडं ठेवावेत तिकडं पिंडी. त्यांच्या श्रद्धेची जागा वेगळी आहे आणि तिला मी कथा-कादंबऱ्यांच्या पंक्तीला बसवत नाही. पण अद्भुत ऐकण्याचा कान तुमच्या लेकीला आजीकडूनच आलाय, हे घरात सगळ्यांना दिसावं असं मला वाटतं.

आणि हा वारसा तुमच्या घरापुरता नाही. कथासरित्सागर हा जुना संस्कृत कथासंग्रह ज्या बृहत्कथेवर उभा आहे, ती गुणाढ्यानं रचली, आणि परंपरा त्याला सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडते. सांगतात ते असं, की गुणाढ्यानं रानात बसून सात लाख श्लोक 'पैशाची' नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत स्वतःच्या रक्तानं लिहिले. राजानं ते धुडकावले. मग त्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला जमली हरणं, रानडुकरं, पाखरं. ती चरणं विसरली, तिथंच रडत उभी राहिली. रानातली जनावरं वाळली, म्हणून राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस वाळकं येऊ लागलं आणि राजा आजारी पडला. शोध घेत तो डोंगरावर पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखातून पुढं अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर रचला. विक्रम आणि वेताळ त्याच ग्रंथातले. चांदोबात आपण पिढ्यानपिढ्या वाचले ते हेच. मराठवाड्याच्या मुलीनं अद्भुत कथा मागणं ह्यात परकं काय आहे?

तुमच्या यजमानांच्या शंकेकडं येते. "खोटंनाटं" हा शब्द त्यांनी रागानं वापरला नसणार. दुकान, मुलीची फी, लातूरचा खर्च हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. गोष्टी वाचल्यानं नीटचे मार्क वाढतात असं मी त्यांना सांगणार नाही, कारण तसं वचन कुणी देऊ शकत नाही. एवढं मात्र सांगते. चांगली विज्ञानकथा जगातली एकच गोष्ट बदलते, बाकी सगळं तसंच ठेवते आणि मग विचारते, आता पुढं काय होईल? जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांच्या कानाला चाटून गेली असती तर? एवढाच बदल. त्यावरून वेगळा हिंदुस्थान, वेगळी मुंबई उभी राहते आणि इतिहासाचा एक प्राध्यापक त्यात जाऊन पडतो. शाळेत १७६१ हा सन पाठ केलेलं मूल ही गोष्ट वाचून पहिल्यांदा विचारतं, की लढाई कशामुळं हरली. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला नीटच्या तयारीच्या फाउंडेशन वर्गाचं पुस्तकही जड जात नाही.

आणि हे लिहिणारे नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलेले खगोलशास्त्रज्ञ. हॉइल स्वतःही विज्ञानकादंबऱ्या लिहायचे. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं. कथेचं नाव काय होतं ठाऊक आहे? 'कृष्णविवर'. पुढं त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि औंढ्याच्या लायगो-इंडियात सहभागी असलेल्या संस्थांमध्ये ती आयुका आहे. यजमानांना हा एक परिच्छेद तेवढा वाचून दाखवा.

आता यादी. पुस्तक निवडताना वयाचा शिक्का बघू नका, मुखपृष्ठावरचं रॉकेट बघू नका. त्या गोष्टीला स्वतःचे नियम आहेत का, ते बघा. वेताळाची गोष्ट इतकी टिकली ती नियमांमुळं. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होतील, बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. राजा दोन्हीकडून अडकलाय, आणि म्हणून आपण श्वास रोखून ऐकतो. ज्या पुस्तकात नायक अडला की लेखक नवी जादू काढतो, पुन्हा अडला की आणखी नवी, ते पुस्तक दहा पानांत कळतं. मुलांनाही कळतं, फक्त त्यांना ते सांगता येत नाही, ती पुस्तक अर्ध्यात ठेवून देतात. म्हणून यादीत नाव लिहिण्याआधी ते पुस्तक तुम्ही वाचा. निदान सुरुवातीची वीस पानं, त्यातलं एक पान मोठ्यानं. भाषांतरित पुस्तकांना मोठ्यानं वाचण्याची कसोटी फार उपयोगी आहे. जिभेला ठेच लागत असेल तर मुलाच्या डोळ्यांनाही लागणार. लग्नानंतर पुस्तक धरलं नाही म्हणता, तर ही यादी तुमच्यासाठीच आलीय असं समजा.

सुरुवात नारळीकरांच्याच 'उजव्या सोंडेचा गणपती'पासून करा. आधी गोष्ट दोघींनी मिळून वाचा, मगच पुढचं करा, नाहीतर रहस्य फुटेल. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद, लांब पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. आता पट्टीच्या मधोमध पेन्सिलीनं रेघ ओढत चला. पेन्सिल न उचलता रेघ कागदाच्या दोन्ही अंगांवरून फिरून सुरुवातीच्या जागी येते, कारण ह्या पट्टीला एकच बाजू उरलेली असते. त्या रेघेवरून कात्री चालवायच्या आधी मुलीला विचारा, किती कडी होतील? सगळी मुलं दोन म्हणतात. कापल्यावर एकच लांब कडं हातात येतं आणि जी शांतता पसरते ती मला फार आवडते. मग पारदर्शक प्लास्टिकची तशीच पट्टी करा. तिच्यावर डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढा, त्याच्यापुढं तसाच दुसरा, तिसरा, असे काढत पुढं सरका. पूर्ण फेरी करून पहिल्या गणपतीपाशी आलात, की नवा गणपती पहिल्याच्या बाजूनं बघितल्यावर उजव्या सोंडेचा दिसतो. डाव्याचं उजवं कसं झालं हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

नारळीकर मोठ्यांसाठीही लिहीत, त्यामुळं 'यक्षांची देणगी' संग्रह शाळेत ठेवाच, पण सहावीच्या मुलांच्या हातात एकेक गोष्ट निवडून द्या. एकटं वाचायला देण्यासाठी भा. रा. भागवत. फास्टर फेणे सगळ्यांना माहीत असतो, पण ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणण्याचं त्यांचं काम मला त्याहून मोठं वाटतं. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावं वाचूनच हात पुढं होतो. त्यांचं मराठी पळतं, कुठं अडखळत नाही. व्हर्नची चंद्राची मूळ कादंबरी १८६५ सालची. त्यात तीन माणसं फ्लोरिडातून निघतात, आणि १९६९ मध्ये अपोलो ११ मधली तीन माणसंही फ्लोरिडातूनच निघाली. पण व्हर्न त्यांना तोफेतून उडवतो, आणि तसं खरंच केलं तर त्या धक्क्यानं माणूस जगणार नाही. लेखकाचं काय बरोबर आलं आणि काय चुकलं, ते मुलांना शोधायला लावा. जुन्या पुस्तकांत मुली फार कमी दिसतात, हेही तुमच्या मुलीला खटकेल. तिला खटकू द्या आणि तिच्याशी त्यावर बोला, तेवढ्यासाठी पुस्तक नाकारू नका.

हॅरी पॉटर ती मागणारच. 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून ही मालिका मराठीत आहे. पहिले दोन-तीन भाग आत्ता चालतील. पुढचे भाग मुलांबरोबर वाढत जातात, त्यांत मृत्यू येतो, ते आणखी दोन वर्षांनी. इंग्रजीतून वाचू द्यावं का, असा प्रश्न पुढच्या पत्रात येईल, म्हणून आत्ताच सांगते: आधी मराठीतून मनसोक्त वाचू द्या. गोष्ट ठाऊक झाली की तेच पुस्तक इंग्रजीतून वाचायला जड जात नाही. सेमीच्या मुलांना असं वाचताना मी पाहिलंय.

पैसे थोडे आहेत म्हणता, तर फुकट मिळतं ते आधी घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. त्यांत कितीतरी विज्ञानकथा आणि परीकथा आहेत. पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं मोफत आहेत, शाळेतल्या टीव्हीवर लावून वर्गाला वाचून दाखवता येतात. यादीतले रुपये कागदी पुस्तकांसाठी राखा. आणि कुणी थोर पुरुषांच्या पातळ चरित्रांचा संच सवलतीत देतो म्हणाला, तर नको म्हणा. चांगलं चरित्र मुलं आवडीनं वाचतात. त्या संचांतली तुमच्याही घरी पडून आहेत, ती का पडून आहेत हे मुलीला एकदा विचारून बघा.

पुस्तकं आली की कपाटाला कुलूप लागतं, हे आपल्या शाळांचं जुनं दुखणं आहे. फाटतील, हरवतील म्हणून. फाटू द्या, चिकटवता येतात. समितीत आहात तर एवढा ठराव करून घ्या, की किल्ली सहावी-सातवीच्या दोन मुलांकडं राहील आणि नोंदवहीही तीच लिहितील. मुलानं पुस्तक मागितलं तर "तुझ्यासाठी हे चांगलं" म्हणू नका. त्याला विचारा, शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं होतं आणि त्यात काय आवडलं. क्रिकेटची गोष्ट आवडली म्हणणाऱ्या मुलाला उडती तबकडी कशाला? त्याला आधी फास्टर फेणे द्यावा. एकेका पोराला ओळखून एकेक पुस्तक हातात जातं. पन्नास मुलांना एकच पुस्तक सुचवायला गेलं की त्याचा गृहपाठ होतो. आणि पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यातून परत करायची मुभा हवी, कारण न विचारता.

मुलांना सगळ्यात जास्त पटतं ते दुसऱ्या मुलाचं सांगणं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवा. ज्यानं वाचलं त्यानं एक ओळ लिहायची, नाव आणि इयत्ता. "भीती वाटते पण शेवट चांगला आहे" अशी ओळ सातवीतल्या मुलीनं लिहिली असेल, तर पाचवीतलं मूल ते पुस्तक घेतं आणि भीतीची तयारी करून घेतं. तुमच्या लेकीला हे काम फार आवडेल. कोणतं पुस्तक रात्री वाचू नये हे तिच्याइतकं नेमकं कोण सांगणार? यादी सरांकडं जाण्याआधी तिला दाखवा, तिनं घातलेली दोन नावं राहू द्या, मग ती भुताची असली तरी. फक्त ती तुम्ही दिवसा वाचून बघा.

पैसे उरलेच, तर नवं नाव शोधत बसू नका. यादीतल्या सगळ्यात चांगल्या पुस्तकाची दुसरी प्रत घ्या. दोन मैत्रिणी एकच पुस्तक एकाच आठवड्यात वाचतात तेव्हा घरी जाताना वाटेत त्याच्यावरच बोलतात, आणि तिसरी ते मागायला येते.